राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण व्यवस्थेचे शासन : अधिकार आणि उत्तरदायित्व यांच्या वाटणीची चिकित्सा
(विशेष संदर्भ : पनवेल परिसर)

सारांश

भारतातील व्यवसाय प्रशिक्षण व्यवस्थेची चर्चा बहुधा अभ्यासक्रमांचा कालबाह्यपणा, यंत्रसामग्रीची कमतरता आणि उद्योगांची उदासीनता या तीन मुद्द्यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात या तिन्हींच्या मुळाशी असलेल्या शासनरचनेचा विचार केला आहे. निर्णय घेणारी, खर्च करणारी आणि परिणामांना सामोरी जाणारी यंत्रणा या व्यवस्थेत एकच नाही. त्यामुळे उत्तरदायित्व कोणत्याच स्तरावर स्थिर होत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्यासाठी राज्यघटनेतील तरतुदी, १९५० पासूनचा संस्थात्मक इतिहास आणि पनवेल परिसराचा अनुभव यांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : व्यवसाय प्रशिक्षण, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, समवर्ती सूची, संस्था व्यवस्थापन समिती, उत्तरदायित्व, प्रकल्पग्रस्त.

१. प्रस्तावना

दि. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच समारंभात महाराष्ट्र शासनाच्या कौशल्य विभागाच्या ‘स्टेप’ या अल्पमुदतीच्या रोजगारक्षमता कार्यक्रमाचाही आरंभ करण्यात आला. राज्यातील ४०० शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था व १५० शासकीय तांत्रिक विद्यालये यांमधून २५०० नव्या तुकड्या सुरू करण्याचे, त्यांपैकी ३६४ तुकड्या केवळ महिलांसाठी ठेवण्याचे त्यावेळी जाहीर झाले. पनवेल तालुक्यातील उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही आदी दहा गावांच्या विस्थापनातून उभ्या राहिलेल्या विमानतळावर कौशल्य प्रशिक्षणाची घोषणा व्हावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. ज्यांची शेते, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी गेली, त्यांच्या पुढील पिढीला या नव्या अर्थव्यवस्थेत कोणत्या दाराने प्रवेश मिळणार, हा प्रश्न या परिसरात पन्नास वर्षे विचारला जात आहे.

‘प्रशिक्षणाच्या दाराने’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. परंतु हे दार उघडण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि ते बंद राहिल्यास जाब कोणाला विचारायचा, याची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा तोच विषय आहे. येथे ‘शासन’ ही संज्ञा ‘सरकार’ या रूढ अर्थाने न वापरता निर्णय, निधी, नियमन आणि उत्तरदायित्व यांची एकत्रित रचना या व्यापक अर्थाने वापरली आहे.

२. घटनात्मक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

व्यवसाय प्रशिक्षणाचा घटनेतील प्रवासच मोठा बोलका आहे. मूळ राज्यघटनेत ‘शिक्षण’ हा विषय राज्यसूचीत अकराव्या क्रमांकावर होता, तर ‘कामगारांचे व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण’ हा समवर्ती सूचीतील पंचविसावा विषय होता. म्हणजे शाळा-महाविद्यालयांत मिळते ते शिक्षण आणि कामगाराला मिळते ते प्रशिक्षण, अशी विभागणी घटनाकारांसमोरच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तंत्रज्ञांचे प्रशिक्षण कामगार खात्याने चालविले होते आणि युद्धोत्तर पुनर्वसन व रोजगाराची यंत्रणाही त्याच खात्यात उभी राहिली होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे दोन्ही विषय पंचविसाव्या नोंदीत एकत्र आणले. तथापि घटनेत झालेले हे ऐक्य प्रशासनात उतरले नाही. केंद्रात औद्योगिक प्रशिक्षण संस्था कामगार मंत्रालयाकडे आणि शालेय स्तरावरील व्यवसाय शिक्षण शिक्षण खात्याकडे, अशी दोन खाती पुढेही वेगवेगळ्या वाटांनी चालत राहिली.

शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना केंद्र सरकारने १९५० मध्ये सुरू केली. शिवराव समितीच्या शिफारशीनुसार नोव्हेंबर १९५६ पासून संस्थांचे दैनंदिन प्रशासन राज्यांकडे सोपविण्यात आले आणि त्याच सुमारास धोरण, अभ्यासक्रम व प्रमाणपत्र यांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. हीच परिषद पुढे एन.सी.व्ही.टी. या नावाने सर्वपरिचित झाली. १ एप्रिल १९६९ पासून आर्थिक नियंत्रणही राज्यांकडे गेले. या दोन टप्प्यांत जी वाटणी झाली, तिचा सांगाडा आजही बदललेला नाही. काय शिकवायचे, किती काळ शिकवायचे, परीक्षा कशी घ्यायची आणि प्रमाणपत्र कोणाला द्यायचे हे केंद्र ठरविते. इमारत, कर्मचारी, वेतन आणि प्रवेश ही राज्याची जबाबदारी असते.

ही वाटणी मुळात चुकीची होती, असे म्हणता येणार नाही. पनवेलमध्ये जोडारी किंवा वीजतंत्री झालेल्या तरुणाचे प्रमाणपत्र रेल्वेत, गोदीत, परराज्यात आणि आखाती देशांतही ओळखले जाते, याचे श्रेय राष्ट्रीय प्रमाणीकरणालाच आहे. प्रश्न निर्माण होतो तो मानक ठरविण्याच्या अधिकारातून संस्था चालविण्याचा अधिकारही हळूहळू वर सरकू लागतो तेव्हा. ऑगस्ट २०१३ पासून या योजनेत सत्र पद्धती आली आणि २०१८ मध्ये पुन्हा वार्षिक पद्धती आली. दोन्ही निर्णय देशभर एकाच वेळी लागू झाले. शिल्प निदेशकांनी पाच वर्षांत दोनदा आपली शिकविण्याची आखणी मोडून पुन्हा मांडली. प्रत्यक्ष कार्यशाळेत शिकविणाऱ्यांचे स्थान अशा निर्णयप्रक्रियेत अंमलबजावणी करणाऱ्याचेच राहिले.

३. २००८ नंतरची संस्थांची गर्दी

२००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यात ५१ टक्के हिस्सा खाजगी क्षेत्राचा व ४९ टक्के सरकारचा ठेवण्यात आला. त्यासोबत उद्योगक्षेत्रनिहाय कौशल्य परिषदा आल्या. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास अभिकरण आणि राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले आणि एप्रिल २०१५ मध्ये प्रशिक्षण महासंचालनालय कामगार मंत्रालयातून त्याच्याकडे आले. डिसेंबर २०१८ मध्ये जुनी राष्ट्रीय परिषद व कौशल्य अभिकरण यांचे विलीनीकरण करून राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद, म्हणजेच एन.सी.व्ही.ई.टी., अधिसूचित झाली. ती ऑगस्ट २०२० पासून कार्यरत झाली.

या इतिहासातील दोन बाबी विशेष लक्षात घ्याव्या लागतात. पहिली बाब प्रतिनिधित्वाची आहे. जुनी परिषद केवळ सल्लागार होती आणि तिच्या कामाच्या संथपणाबद्दल पुष्कळ टीका झाली. परंतु तिच्या रचनेत केंद्र व राज्य सरकारे, मालक, कामगार, व्यावसायिक संस्था, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला संघटना यांना जागा होती. नवी परिषद अध्यक्ष व मोजके सदस्य असलेली नियामक संस्था आहे. नियमनासाठी सुटसुटीत रचना सोयीची असते हे खरे. पण कामगाराची व राज्याची जी खुर्ची त्या मेजाभोवती होती, ती कोठे गेली, याचे उत्तर मिळत नाही. उद्योगक्षेत्रनिहाय परिषदांमध्ये तर उद्योगाचाच आवाज प्रमुख असतो. मानके ठरविणारी आणि प्रशिक्षणार्थींचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र देणारी संस्था एकच असल्याने हितसंबंधांचा संघर्ष उद्भवतो, ही बाब शारदा प्रसाद समितीने २०१६ च्या अहवालात स्पष्टपणे मांडली होती.

दुसरी बाब कायदेशीर आधाराची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगास १९५६ चा, तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेस १९८७ चा संसदीय कायदा लाभला. व्यवसाय शिक्षणाची सर्वोच्च नियामक परिषद मात्र अधिसूचनेद्वारे स्थापन झाली. संसदेने संमत केलेल्या अधिनियमाचे बळ तिच्यामागे नाही. अभियांत्रिकीच्या पदवीचे नियमन कायद्याने आणि संधात्याच्या प्रमाणपत्राचे नियमन अधिसूचनेने, हा भेद निव्वळ तांत्रिक मानता येत नाही. हाताने काम करणाऱ्याच्या शिक्षणास आपली संसद किती वेळ देते, याचेही ते निदर्शक आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा या क्षेत्रातील प्रमुख केंद्रीय कायदा. परंतु त्याचा संबंध आस्थापना व उमेदवार यांच्याशी आहे, समग्र व्यवस्थेच्या शासनाशी नाही.

नियमनाचा पाया कच्चा असताना विस्तार मात्र वेगाने झाला. आज देशात सुमारे पंधरा हजार औद्योगिक प्रशिक्षण संस्था असून त्यांत खाजगी संस्थांचे प्रमाण तीन चतुर्थांशाहून अधिक आहे. खाजगी संस्थांना संलग्नता देताना काही वर्षे जी पद्धत अवलंबिली गेली, तिच्यावर संसदेच्या कामगारविषयक स्थायी समितीने २०१८ मध्ये कठोर टीका केली. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची स्थितीही समाधानकारक नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेविषयी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा २०२५ मधील अहवाल सांगतो की, दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील ९४ टक्क्यांहून अधिक प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याचे रकाने रिक्त, शून्य वा निरर्थक नोंदींचे होते. ज्या योजनेत लाभार्थ्यापर्यंत रक्कम थेट पोहोचविणे अभिप्रेत होते, त्या योजनेतील हे चित्र केवळ लिपिकीय चूक म्हणून सोडून देता येणार नाही. प्रशिक्षण भागीदार, मूल्यमापन संस्था, क्षेत्रीय परिषद, महामंडळ आणि मंत्रालय अशी लांब साखळी असली, की प्रत्येक कडी पुढच्या कडीवर विसंबते आणि नोंद तपासण्याचे काम कोणाचेच राहत नाही.

४. महाराष्ट्रातील रचना

महाराष्ट्रात १९८४ मध्ये व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षणासाठी तंत्रशिक्षणापासून वेगळे असे स्वतंत्र संचालनालय झाले. मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), अमरावती व नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयांमार्फत त्याचा कारभार चालत आला आहे. दीर्घकाळ उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीत असलेले हे संचालनालय नंतर कौशल्य विभागाकडे आले. दरम्यान राज्य कौशल्य विकास सोसायटी, स्वतंत्र परीक्षा व प्रशिक्षण मंडळ, राज्य कौशल्य विद्यापीठ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच दिवशी सुरू झालेली ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे यांची त्यात भर पडली. २०२४ मध्ये रतन टाटा यांचे नाव दिलेल्या या विद्यापीठाच्या प्रांगणासाठी पनवेल परिसराची निवड झाली, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

राज्यात चारशेहून अधिक शासकीय आणि पाचशेहून अधिक खाजगी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. शासकीय संस्थांचे एवढे मोठे जाळे असणे ही महाराष्ट्राची जमेची बाजू होय. तथापि राज्याच्या स्तरावरील दोषही झाकून चालणार नाही. निदेशकांची रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील व कंत्राटी नेमणुकांवर चाललेले वर्ग या तक्रारींचे खापर दिल्लीवर फोडता येत नाही. पदनिर्मिती आणि भरती हे राज्याचेच अधिकारक्षेत्र आहे. केंद्राने मानके वाढवावीत आणि राज्याने पदे रिक्त ठेवावीत, यातील अंतर भरून काढण्याचे काम अखेर संस्थेतील उपलब्ध निदेशकाकडे येते.

५. एक नवा व्यवसाय सुरू करावयाचा झाल्यास

शासनरचनेचा खरा अनुभव परिपत्रकांतून येत नाही. तो एखादा साधा निर्णय किती हातांतून जातो हे पाहिल्यावर येतो. विमानतळावरील मालहाताळणी वा भूसेवा यांच्याशी संबंधित दीर्घ मुदतीचा नवा व्यवसाय पनवेल परिसरातील शासकीय संस्थेत सुरू करावा, असे तेथील प्राचार्यांना वाटले, असे क्षणभर गृहीत धरू.

अभ्यासक्रमाची घडण व मान्यता ही केंद्रीय प्रक्रिया आहे. व्यवसायाची संलग्नता प्रशिक्षण महासंचालनालयाकडून मिळवावी लागते आणि तीसाठी जागा, यंत्रसामग्री, वीजभार व निदेशक यांचे विहित निकष आधी पूर्ण करावे लागतात. निदेशकाचे पद राज्याच्या वित्त विभागाच्या संमतीशिवाय निर्माण होत नाही. इमारतीतील फेरबदल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातात. प्रवेश राज्यस्तरीय केंद्रीभूत ऑनलाईन पद्धतीने होतात आणि अंतिम परीक्षा अखिल भारतीय असते. या संपूर्ण साखळीत प्राचार्यांचा अधिकार प्रस्ताव सादर करण्यापुरता आहे. उलट उत्तीर्णांचे प्रमाण, रिक्त जागा आणि रोजगारप्राप्ती यांविषयी आढावा बैठकीत प्रश्न विचारला जातो तो मात्र त्यांनाच. अधिकाराविना जबाबदारी आणि जबाबदारीविना अधिकार ही सार्वजनिक प्रशासनातील जुनी व्याधी आहे. येथे तिचे दोन्ही प्रकार एकत्र नांदताना दिसतात.

‘स्टेप’सारखे अल्पमुदतीचे कार्यक्रम या लांबच्या वाटेला पर्याय म्हणून पुढे येतात. त्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. मात्र दीर्घ मुदतीचा व्यवसाय सुरू करणे अवघड आणि काही आठवड्यांची तुकडी सुरू करणे सोपे, अशी रचना असेल तर व्यवस्था आपोआप सोप्याकडे झुकते. परिणामी नवी यंत्रे जोडणारा, दुरुस्त करणारा कुशल कारागीर बाहेरून येतो आणि स्थानिक तरुणाच्या वाट्याला सामान वाहण्याचे वा पहारा देण्याचे काम येते.

६. संस्था व्यवस्थापन समिती : स्थानिक स्वायत्ततेचा अपुरा प्रयोग

संस्थेला स्वायत्तता देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न २००७-०८ मध्ये झाला. देशातील १३९६ शासकीय संस्था सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून अद्ययावत करण्याच्या योजनेत प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीस अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज देण्यात आले. परतफेडीसाठी तीस वर्षांची मुदत आणि त्यात पहिल्या दहा वर्षांची सवलत होती. समिती नोंदणीकृत सोसायटी असावी, उद्योग भागीदार तिचा अध्यक्ष असावा, त्याने आणखी चार उद्योजक नामनिर्देशित करावेत, पाच सदस्य राज्य शासनाने नेमावेत आणि प्राचार्य पदसिद्ध सचिव असावेत, अशी रचना ठरली. वीस टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरविण्याचा अधिकारही समितीला मिळाला.

ही रचना बारकाईने पाहिली पाहिजे. शासननियुक्त पाच जणांत रोजगार अधिकारी, संचालनालयाचा प्रतिनिधी, शिक्षणतज्ज्ञ, ज्येष्ठ निदेशक आणि प्रशिक्षणार्थी यांचा समावेश अपेक्षित होता. कामगार संघटनेला त्यात स्थान नव्हते. स्थानिक स्वराज्य संस्थेलाही नव्हते आणि ज्यांच्या जमिनीवर उद्योग उभे राहिले त्यांनाही नव्हते. उद्योग भागीदार अध्यक्ष झाला. परंतु उत्तीर्णांना सामावून घेण्याचे बंधन त्याच्यावर आले नाही. कर्जाचा काही भाग बीजनिधी म्हणून बँकेत ठेवण्याची मुभा होती, आणि कर्ज फेडावयाचे असल्याने खर्च करण्यापेक्षा ठेव राखण्याकडे कल होणे स्वाभाविक होते. कायम पदनिर्मिती, वेतन व अभ्यासक्रम हे तीन कळीचे विषय समितीच्या कक्षेबाहेरच राहिले. म्हणजे समितीला पैसा मिळाला, पण ज्यावर तो खर्च झाल्यास शिक्षण सुधारेल त्यावर अधिकार मिळाला नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरंभ झालेल्या ‘पीएम-सेतू’ योजनेत हाच विचार मोठ्या प्रमाणावर पुन्हा मांडला आहे. साठ हजार कोटी रुपयांचा आराखडा, त्यात केंद्राचे तीस, राज्यांचे वीस व उद्योगांचे दहा हजार कोटी. एक हजार शासकीय संस्थांचे जाळे, त्यात २०० मुख्य व ८०० संलग्न संस्था. आणि व्यवस्थापन उद्योगप्रणीत विशेष कंपनीकडे, असे तिचे स्वरूप आहे. निधीचा सहावा हिस्सा देणाऱ्या घटकाकडे नेतृत्व सोपविताना त्याने नेमके कोणते उत्तरदायित्व स्वीकारावे, हे सुरुवातीसच ठरले नाही तर २००७ च्या प्रयोगातील उणीव अधिक मोठ्या रकमेवर पुन्हा दिसेल.

या संदर्भात जर्मनीचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण अर्धेच. तेथील १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यामागील तत्त्व केवळ ‘उद्योगाचा सहभाग’ एवढे नाही. संघीय व्यवसाय प्रशिक्षण संस्थेच्या मुख्य मंडळात मालक, कामगार, घटकराज्ये आणि केंद्र या चारही घटकांना समान मते आहेत. आपण तेथून मालकाची खुर्ची आणली. कामगाराची तेथेच ठेवली. जर्मन व्यवस्था जशीच्या तशी येथे रुजणार नाही, हे उघड आहे. परंतु उसनवारी करताना काय वगळले, याचे भान असावयास हवे.

७. पनवेल परिसराचा प्रश्न

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. विमानतळबाधितांसाठी ते साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. जमिनीच्या मोबदल्याला अशा रीतीने निश्चित आकडा मिळाला आणि आकडा असल्यामुळे तो मागता येऊ लागला, त्यासाठी न्यायालयात जाता येऊ लागले. प्रशिक्षणाचे तसे झाले नाही. प्रकल्पग्रस्तांसाठी प्रशिक्षणाच्या योजना आल्या, काहींना त्यांचा लाभही झाला. परंतु त्या योजनाच राहिल्या, हक्क झाला नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, तळोजा व पाताळगंगा येथे कारखाने वाढले, आता विमानतळ सुरू झाला. प्रत्येक टप्प्यावर हाच प्रश्न नव्याने उभा राहिला.

याला शासनरचनेतील एक विसंगतीही कारणीभूत आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील अशा विषयांत ‘तांत्रिक प्रशिक्षण व व्यवसाय शिक्षण’ हा अठरावा विषय आहे. प्रत्यक्षात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा कारभार जिल्हा परिषदेकडे आला नाही, हा भाग वेगळा. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र असा स्वतंत्र विषयच नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन होऊन आसपासची गावे तीत समाविष्ट झाली, तेव्हा या गावांच्या बाबतीत व्यवसाय शिक्षणावर स्थानिक दावा सांगण्याचा घटनात्मक उल्लेखही मागे पडला. गाव शहरात आले आणि शहराला या विषयात बोलण्यास जागा उरली नाही.

जिल्हास्तरीय कौशल्य समिती ही या पोकळीवरील उपाययोजना मानली जाते. परंतु पनवेलचा रोजगार जिल्ह्याच्या सीमेत मावत नाही. रायगडचे मुख्यालय अलिबागला, तर पनवेल-उरणच्या तरुणाचा श्रमबाजार बेलापूर, तुर्भे, ठाणे-बेलापूर पट्टा आणि मुंबईपर्यंत पसरलेला आहे. नियोजन प्राधिकरण दोन जिल्ह्यांचे, महानगरपालिका वेगवेगळ्या, बंदर व विमानतळ यांच्या यंत्रणा स्वतंत्र. या सर्वांना एकत्र बसवून ‘येत्या पाच वर्षांत किती वीजतंत्री, किती संधाते, किती प्रशीतन व वातानुकूलन कारागीर लागतील’ एवढा साधा अंदाज बांधणारे मंच उभे राहिल्याशिवाय जिल्हा आराखडा कागदावरच राहील.

८. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, भारतीय व्यवसाय प्रशिक्षण व्यवस्थेत संस्थांची उणीव नाही. उणीव आहे ती निर्णयाचा अधिकार आणि परिणामाची जबाबदारी एकाच ठिकाणी आणण्याची. त्या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) राष्ट्रीय नियामक परिषदेस संसदेच्या कायद्याचा आधार द्यावा आणि त्यात राज्ये व कामगार यांचे प्रतिनिधित्व निश्चित करावे.

२) मानके व प्रमाणपत्र केंद्राकडे ठेवून व्यवसायांची निवड, तुकड्यांची संख्या आणि मंजूर मर्यादेत निदेशकांची नेमणूक यांविषयी संस्थेला खरा अधिकार द्यावा.

३) मानके ठरविणारी संस्था आणि मूल्यमापन करणारी संस्था वेगवेगळ्या असाव्यात.

४) संस्था व्यवस्थापन समितीत तसेच नव्या विशेष कंपनीत स्थानिक स्वराज्य संस्था, कामगार आणि प्रकल्पबाधित भागात प्रकल्पग्रस्त यांना मताधिकारासह स्थान असावे. नेतृत्व करणाऱ्या उद्योगाने किती उमेदवार सामावून घेतले, हे दरवर्षी जाहीर व्हावे.

५) प्रत्येक संस्थेच्या उत्तीर्णांची वर्षभरानंतरची स्थिती संस्थेच्या फलकावर लावण्यात यावी. मंत्रालयाच्या संगणकात असलेल्या आकड्यापेक्षा प्रवेशद्वारावरील आकडा पालकांना अधिक उपयोगी पडतो.

६) मोठ्या प्रकल्पांच्या पुनर्वसन करारात भूखंडाच्या टक्केवारीप्रमाणेच दीर्घ मुदतीच्या प्रशिक्षणाच्या व शिकाऊ उमेदवारीच्या जागांची टक्केवारी लेखी नोंदवावी.

यांपैकी शेवटची सूचना या परिसराच्या दृष्टीने सर्वांत निकडीची आहे. विमानतळावरून प्रवासी वाहतूक २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली असून पुढील टप्प्यांचे काम शिल्लक आहे. त्या टप्प्यांत कोपर-कोल्हीच्या मुलामुलींच्या हाती कोणते काम असेल, हे येत्या एक-दोन प्रवेशवर्षांत ठरणार आहे. तो निर्णय कोणी घ्यावयाचा आणि त्याचा जाब कोणी द्यावयाचा, हे निश्चित करणे ही शासनाच्या सर्वच स्तरांची पहिली जबाबदारी आहे.